सणाच्या निमित्ताने शाळेसाठी निधी जमवायचाय? पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

पालक-शिक्षक संघाच्या मीटिंगमध्ये "सण जवळ आलाय, शाळेसाठी काहीतरी करूया" असं ठरतं, काम तुमच्याकडे येतं आणि घरी आल्यावर प्रश्न पडतो की आता सुरुवात नेमकी कुठून करायची. मी बरीच वर्षं हे करतेय. काही कार्यक्रम मस्त झाले, काहींत नुसती दमछाक झाली आणि हातात फारसं काही आलं नाही, तर त्यातून जे कळत गेलं ते क्रमाने लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. सणाला लोक जे करणारच आहेत त्याला तुमचा निधी जोडा. लोक शुभेच्छा पाठवणारच आहेत, भेटवस्तू घेणारच आहेत, घर सजवणारच आहेत, नवे कपडे घालून फोटो काढणारच आहेत. यातल्या कशाला तरी शाळेचं काम चिकटवलं की अर्धी मेहनत वाचते. त्याऐवजी सणाच्या गडबडीत त्यांना आणखी एक वेगळं काम दिलंत, वेगळ्या दिवशी वेगळ्या ठिकाणी बोलावलंत, तर इच्छा असूनही ते येत नाहीत.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण खूप जुनं आहे. डेन्मार्कमध्ये आयनार होल्बोल नावाचे पोस्टातले कारकून होते. नाताळात पत्रांचे ढीगच्या ढीग हाताखालून जायचे, ते बघून त्यांच्या मनात आलं की प्रत्येक पाकिटावर पोस्टाच्या तिकिटाशेजारी लोकांनी एक छोटंसं सुंदर लेबल विकत घेऊन चिकटवलं तर क्षयरोग झालेल्या मुलांसाठी पैसे उभे राहतील. 1904 च्या नाताळात ती लेबलं पहिल्यांदा निघाली आणि त्या पहिल्याच वर्षी 40 लाखांहून जास्त विकली गेली. पत्र लिहा असं कुणाला सांगावं लागलं नाही, पत्रं जातच होती, त्यावर फक्त एक छोटा कागद वाढला.

पायरी 1: पैसे कशासाठी हवेत आणि किती, हे एका वाक्यात लिहा

"शाळेच्या मदतीसाठी" हे वाक्य चालत नाही. "वाचनालयात दोन कपाटं आणि 200 पुस्तकं" हे चालतं. पालकाच्या डोळ्यासमोर कपाट उभं राहतं, आणि आपण दिलेल्या पैशातून त्यातला एखादा खण भरणार आहे हे त्याला दिसतं.

अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये एमिली बिसेल या बाईंनी 1907 मध्ये डेन्मार्कचीच कल्पना उचलली, तेव्हा त्यांच्यासमोर आकडा होता 300 डॉलर, तेवढे मिळाले नाहीत तर क्षयरुग्णांचं एक छोटं आरोग्यधाम बंद पडणार होतं. एका लेबलाची किंमत फक्त एक सेंट. सुरुवातीला विक्री मंद होती, मग एका वर्तमानपत्राने विषय उचलून धरला आणि शेवटी 300 च्या जागी जवळपास 3000 डॉलर जमले. मला यातून दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. एक म्हणजे आकडा स्पष्ट होता आणि तो का हवा हेही स्पष्ट होतं. दुसरी म्हणजे किंमत इतकी लहान होती की कुणालाच विचार करावा लागला नाही, अगदी लहान मुलालासुद्धा.

आकडा ठरवताना शाळेला विचारा हं, आपण परस्पर ठरवू नका. आम्ही एकदा खेळाच्या साहित्यासाठी पैसे जमवले आणि नंतर कळलं की ते साहित्य शाळेला दुसरीकडून मिळणारच होतं, खरी गरज पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरची होती. मुख्याध्यापकांशी दहा मिनिटं आधी बोललो असतो तर पालकांना पुन्हा पत्र काढून समजवावं लागलं नसतं.

पायरी 2: परवानगी आणि पैसे कुठे जाणार

ही पायरी कंटाळवाणी आहे पण वगळू नका. शाळेकडून लेखी होकार घ्या, साधा ईमेल पुरतो. पैसे शाळेच्या किंवा पालक-शिक्षक संघाच्या खात्यातच जायला हवेत, कुणाच्याही वैयक्तिक खात्यात नाही, चार दिवसांपुरतेसुद्धा नाही. ऑनलाइन पेमेंट घेणार असाल तर स्कॅन करायचा कोड त्याच खात्याचा असू द्या. आपल्या मनात काहीच वावगं नसतं हो, पण उद्या कुणी विचारलं तर दाखवायला कागद हवा.

सोडतीची तिकिटं विकायची असतील तर आधी तिथला कायदा बघा. बऱ्याच देशांत सोडत ही लॉटरीत मोडते आणि तिला परवानगी किंवा नोंदणी लागते, काही ठिकाणी ती करताच येत नाही. सार्वजनिक कार्यक्रमात गाणी लावायची तर त्यासाठीही बऱ्याच ठिकाणी परवाना लागतो. शाळेच्या ऑफिसात या गोष्टी सहसा कुणाला तरी माहीत असतात, त्यांना गाठा.

पायरी 3: कार्यक्रम निवडणे

इथे नवीन लोक सगळ्यात जास्त चुकतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिल्याच वर्षी मोठी जत्रा भरवायची इच्छा होते. पंधरा स्टॉल, स्टेज, लाइट, पाळणा. दिसायला भारी दिसतं पण हिशोब करून बघा. समजा 100 जमले आणि त्यातले 60 मंडप, लाइट, छपाई, बक्षिसं यांत गेले, तर शाळेला 40 मिळाले, आणि त्या 40 साठी तीस माणसं तीन दिवस राबली. याउलट एखाद्या साध्या टेबलावर 30 जमले आणि खर्च 3 झाला, चार माणसं अर्धा दिवस बसली, तर शाळेला 27 मिळाले. म्हणून मी प्रत्येक कल्पनेला एकच सोपं गणित लावते: जमलेल्या रकमेतून खर्च वजा करायचा आणि उरलेल्याला सगळ्यांच्या मिळून लागलेल्या तासांनी भागायचं. तासाला किती पडले ते कळतं. मोठे कार्यक्रम वाईट असतात असं नाही, त्यातून शाळेत जे वातावरण तयार होतं त्याची किंमत वेगळीच असते, पण मग "हा आनंदासाठी करतोय, पैशांसाठी दुसरं काहीतरी करू" असं उघड म्हणा.

नवख्या टीमने करावेत असे दोन प्रकार मी मनापासून सुचवेन.

एक, भेटवस्तू गुंडाळून देण्याचं टेबल. सणाच्या आधीच्या शनिवार-रविवारी, जिथे लोक खरेदीला येतात अशा ठिकाणी, अर्थात तिथल्या मालकाची परवानगी घेऊन. लागतं काय? लांब टेबल, कागदाचे रोल, रिबन, चार कात्र्या आणि सेलोटेप, ती अंदाज कराल त्याच्या दुप्पट. टेप कापायचं जड स्टँड मिळालं तर बघाच, कारण हाताने टेप तोडत बसलं की प्रत्येक खोक्यामागे मिनिटभर जातं आणि रांग वाढते. कागद आधीच तीन मापांत कापून ठेवा, छोटा, मध्यम, मोठा. एक जण फक्त वस्तू घेणार आणि चिठ्ठी चिकटवणार, दोघं गुंडाळणार, एक पैसे घेणार. ती चिठ्ठी फार महत्त्वाची आहे, नंबर आणि नाव. एकदा गुंडाळल्यावर दोन सारख्या आकाराचे खोके ओळखता येत नाहीत, आणि आमच्याकडे एका आजोबांचा बुद्धिबळाचा पट दुसऱ्याच्या घरी गेला होता, तो परत आणून द्यायला आमची एक मैत्रीण संध्याकाळभर फिरली. दर ठरवू शकता किंवा "तुम्हाला वाटेल ते" असा डबा ठेवू शकता. माझा अनुभव असा की डब्यासमोर पैसे कशासाठी हवेत ते लिहिलेलं असलं, आणि शेजारी मुलांनी काढलेलं त्या वाचनालयाचं चित्र असलं, तर लोक ठरलेल्या दरापेक्षा जास्तच टाकतात.

दुसरा, मुलांच्या चित्रांची शुभेच्छापत्रं. याचाही इतिहास गोड आहे. युनिसेफचं पहिलं शुभेच्छापत्र 1949 सालचं, आणि त्यावरचं चित्र चेकोस्लोव्हाकियातल्या यित्का साम्कोव्हा नावाच्या 7 वर्षांच्या मुलीने काढलेलं होतं, युद्धानंतर तिच्या गावाला मदत मिळाली म्हणून आभाराचं. म्हणजे मुलाच्या हातचं चित्र लोक प्रेमाने विकत घेतात हे फार आधीपासून सिद्ध झालंय.

पण चित्रं छापायची म्हणजे काही बारीक गोष्टी आधीच सांगाव्या लागतात, नाहीतर शंभर चित्रं जमतात आणि अर्धी छापता येत नाहीत. पेन्सिलने हलकं काढलेलं स्कॅनमध्ये उडून जातं, म्हणून स्केचपेन, क्रेयॉन किंवा गडद रंग. चकाकी आणि चिकटवलेले मणी स्कॅनरच्या काचेवर सांडतात आणि कार्डावर काळे ठिपके दिसतात. चारही बाजूंना बोटभर जागा मोकळी सोडायची, कारण कापताना कडा जातात आणि मग कुणाच्या तरी चित्रातला सूर्य अर्धाच उरतो. कागद सगळ्यांनी आडवा किंवा सगळ्यांनी उभा, हे वर्गशिक्षिकांनी फळ्यावर लिहूनच ठेवावं. नाव आणि वर्ग मागच्या बाजूला साध्या पेन्सिलने, मार्करने नाही, तो पुढे उमटतो. आणि छापायला देण्याआधी पाकिटाचं माप बघा! कार्ड आधी छापून मग त्या मापाची पाकिटं शोधत फिरायची वेळ येऊ देऊ नका. ऑर्डर आधी घ्यायची, पैसे आधी घ्यायचे, तेवढीच छापायची, म्हणजे उरलेल्या कार्डांचा गठ्ठा कपाटात पडत नाही. आणि निवडक दहाच चित्रं छापण्याऐवजी प्रत्येक मुलाच्या घरी त्याचंच कार्ड जाईल अशी सोय झाली तर उत्तम, एकही मूल "माझं नाही निवडलं" म्हणत घरी जात नाही आणि आजी-आजोबा, काका-मावश्या सगळे घेतात.

बाकीचे प्रकार थोडक्यात: चांगल्या स्थितीतल्या जुन्या खेळण्यांचा आणि पुस्तकांचा स्टॉल (खर्च जवळजवळ शून्य, पण आदल्या दिवशी निवडायला माणसं हवीत), सजावटीच्या वस्तू बनवायची कार्यशाळा, मुलांचा गाण्यांचा कार्यक्रम, सणाच्या वेशात चालण्याची किंवा धावण्याची फेरी, फोटो काढायचा कोपरा. खाण्याचे स्टॉल लावलेत तर प्रत्येक पदार्थात काय काय आहे ते समोर लिहा, ॲलर्जी असलेल्या मुलासाठी ही फार गंभीर गोष्ट आहे.

आणि एक पर्याय कुणी सुचवतच नाही तो मी सुचवते. कार्यक्रमच नको, फक्त एक प्रामाणिक पत्र. "आम्हाला एवढे हवेत, यासाठी हवेत, या तारखेपर्यंत, जमेल तेवढं द्या, नाही जमलं तरी काही हरकत नाही." ज्या वर्षी टीम थकलेली असते त्या वर्षी हे करून बघा.

पायरी 4: कुणी बाहेर राहत नाहीये ना

एका वर्गात वेगवेगळे सण साजरे करणारी घरं असतात, काही घरं कुठलाच सण करत नाहीत. दिवाळी असो, ईद असो, नाताळ असो, पूजेचा किंवा प्रार्थनेचा भाग शाळेच्या निधीशी जोडू नका. उजेड, हिवाळा, भेटी देणं, नवं वर्ष असे विषय घेतले की सगळ्यांना जागा होते. शंका असेल तर त्या घरातल्या पालकांना सरळ विचारा, लोकांना विचारलेलं आवडतं.

दुसरी गोष्ट पैशांची. कार्यक्रमात काहीतरी फुकट असलंच पाहिजे, आणि वर्गाच्या वेळेत होणाऱ्या गोष्टीला तर तिकीट नकोच. कुणाचे पैसे आले आणि कुणाचे नाही याची यादी वर्गात वाचून दाखवायची नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची तर मुळीच नाही.

आणि जास्त विक्री करणाऱ्या मुलाला बक्षीस, हे कृपा करून करू नका. आम्ही एका वर्षी केलं होतं. ज्या घराचे ओळखीपाळखीचे लोक जास्त त्या घराचं मूल जिंकलं. एका मुलीने सगळी तिकिटं जशीच्या तशी परत आणली, आठवडाभर दप्तराच्या खालच्या कप्प्यात लपवून ठेवली होती, कोपरे दुमडले होते, कारण तिला वाटत होतं की बाई रागावतील. त्यानंतर आम्ही विक्री मुलांवर सोडलीच नाही. लक्ष्य पूर्ण झालं तर बक्षीस अख्ख्या शाळेला, एक तास जादा खेळाचा, बस.

मुलांनी पैसे मागत दारोदार एकटं फिरायचं नाही, सोबत मोठं माणूस हवंच. 1950 मध्ये फिलाडेल्फियात काही मुलांनी हॅलोवीनला दुधाचे रिकामे खोके सजवून युनिसेफसाठी नाणी गोळा केली, पहिल्या वेळी 17 डॉलर जमले आणि त्यातून पुढे केवढी मोठी मोहीम उभी राहिली. तिथेही मुलं त्या रात्री घरोघरी फिरणारच होती, हातात फक्त एक खोका वाढला. आज आपल्या शाळेत असं काही करायचं असेल तर ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ आणि दर गटामागे दोन पालक, एवढं करा.

मुलांचे फोटो टाकण्याआधी पालकांची लेखी परवानगी घ्या, तो फॉर्म पहिल्या पत्रासोबतच पाठवा.

पायरी 5: कॅलेंडर आणि माणसं

सणाच्या तारखेपासून उलटं मोजत या. 12 आठवडे आधी उद्देश आणि परवानगी. 10 आठवडे आधी कार्यक्रम पक्का, जागा पक्की. कार्ड करणार असाल तर 8 आठवडे आधी चित्रं जमलेली हवीत, कारण छापखान्यात सणाच्या तोंडावर सगळ्यांचीच गर्दी असते. 4 आठवडे आधी पालकांना पत्र. त्यानंतर आठवड्याला एकच आठवण, रोज मेसेज टाकलेत तर लोक ग्रुप म्यूट करतात. आणि कार्यक्रम सणाच्या अगदी आदल्या दिवशी ठेवू नका, तेव्हा लोक घरात किंवा प्रवासात असतात, दहा-पंधरा दिवस आधीचा शनिवार सगळ्यात चांगला.

माणसं मागताना "मदत कोण करेल?" असं विचारलंत तर शांतता पसरते. "शनिवारी 10 ते 12, टेबलावर कागद कापायला दोन जण हवेत" असं विचारलंत की हात वर येतात. ज्यांना दिवसा जमत नाही त्यांना रात्री घरी बसून करायची कामं द्या, याद्या, पोस्टर, ऑर्डरची नोंद. काम फक्त आयांवर पडतंय का तेही बघा. बाबालोकांना, मोठ्या भावंडांना, माजी विद्यार्थ्यांना नाव घेऊन विचारलं की येतात. आणि प्रत्येक महत्त्वाच्या कामाला बदली माणूस ठेवा, सणाच्या दिवसांत घराघरांत आजारपण आणि पाहुणे दोन्ही असतात.

पायरी 6: त्या दिवशी

सुट्टे पैसे आदल्या दिवशीच आणून ठेवा आणि किती ठेवले ते लिहा, नाहीतर संध्याकाळी तीच रक्कम कमाईत मोजली जाते. पैशांचा डबा एकाच माणसाकडे. मोजताना मात्र दोघं, एकमेकांचे नातेवाईक नसलेले, दोघांनी वेगवेगळं मोजायचं, आकडा जुळला की कागदावर दोघांची सही. रोख रक्कम रात्रभर कुणाच्या घरी ठेवायची वेळ येणार असेल तर शाळेची तिजोरी वापरायला मिळते का ते आधी विचारा.

रोषणाई करणार असाल तर एकाच एक्स्टेंशनवर सगळं लावू नका, वायरी पायात येणार नाहीत अशा टेपने चिकटवा, बाहेर पडायचे दरवाजे मोकळे ठेवा, प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे ते सगळ्यांना दाखवा. उघड्यावर असेल तर पाऊस आल्यावर काय करायचं ते आधीच ठरलेलं हवं आणि पत्रात लिहिलेलं हवं. लहान मूल हरवलं तर त्याला कुठे आणायचं ती जागाही ठरवा, मोठा रंगीत फलक लावा.

पायरी 7: नंतरचे सात दिवस

खूप जण इथे सुटकेचा श्वास टाकून थांबतात. पण पुढच्या वर्षी लोक देतील की नाही ते याच आठवड्यात ठरतं. सात दिवसांच्या आत सगळ्या पालकांना एक छोटा मेसेज: एकूण किती जमले, खर्च किती, शाळेला किती मिळाले, त्यातून काय येणार आणि कधी. आकडा अपेक्षेपेक्षा कमी असला तरी तोच लिहा. ज्यांनी जागा दिली, कागद दिला, उभं राहून काम केलं त्यांना मुलांच्या हातची चिठ्ठी पाठवा. आणि कपाट आलं, पुस्तकं लागली की त्याचा फोटो परत सगळ्यांना, मग भले त्याला तीन महिने लागोत.

शेवटी एक वही करा. कोण छापखाना वेळेवर देतो, किती रोल लागले, कुठल्या तासाला गर्दी झाली, कुणाशी बोलावं लागतं, सगळं त्याच आठवड्यात लिहून काढा कारण महिन्याभरात विसरायला होतं. आमची वही आता चौथ्या माणसाच्या हातात आहे. तिच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहिलंय "सेलोटेप 24, कात्र्या 6, खोक्यावर नंबर आधी, मग कागद", आणि त्याखाली दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात "टेप 24 पण कमी पडल्या, 30 घ्या".